सर फ्रेडरिक एबल

इ. स. १८७४ च्या ऑक्टोबर महिन्याची दुसरी तारीख होती. पहाटेचे पाच वाजत आले होते आणि लंडन शहर अद्याप साखरझोपेत होते. शहराच्या उत्तर भागातील रीजंट्स कालव्यातून मालाने भरलेल्या पडावांची एक रांग संथपणे चालली होती. पुढे एक लहानशी आगबोट आणि तिच्यामागे दोरखंडांनी बांधलेले पडाव, अशी ती रांग होती. त्यांपैकी टिलबरी नावाच्या पडावात साखर होती, खाण्याचे जिन्नस होते, सुमारे पाच टन बंदुकीची दारू होती आणि शिवाय हलक्या पेट्रोलियमची दोन-तीन पिंपे होती. खलाशांच्या खोलीत नेहमीप्रमाणे विस्तव होता. पडाव मॅकल्सफील्ड नावाच्या पुलाखाली आला मात्र, एक प्रचंड स्फोट झाला. पडाव नाहीसा झाला, त्यावरील तिघेही खलाशी प्राणास मुकले, पूल कोसळला आणि आसपासच्या घरांची तावदाने फुटून रस्त्यांवर काचांचा खच पडला. कालवा तेथे खोल चरातून जात होता म्हणूनच काय ती वस्ती बचावली. पुढे तो पूल पुन्हा बांधताना त्याचे जुने बिडाचे खांबच वापरण्यात आले.

दारूच्या पिंपांना कोणी काडी लावलेली नव्हती. मग हे घडले कसे? चौकशीअंती असे दिसून आले की, पेट्रोलियमच्या पिंपांतून वाफ झिरपत होती. ती डोळ्यांना दिसत नव्हती. बंद पडावाच्या तळाशी ती हळूहळू साचत गेली, पसरत पसरत खलाशांच्या विस्तवापर्यंत पोहोचली आणि तेथून ज्योत उलट धावत दारूपर्यंत गेली. म्हणजे अनर्थाचे मूळ दारूत नव्हते, तर शेजारी निमूटपणे ठेवलेल्या त्या पिंपांत होते. दारू धोक्याची असते, हे लहान मूलही जाणत होते. परंतु कोणता द्रव पदार्थ किती धोक्याचा, हे मात्र भल्याभल्यांनाही सांगता येत नव्हते. हा प्रश्न ज्यांनी सोडविला, त्या सर फ्रेडरिक ऑगस्टस एबल या रसायनशास्त्रज्ञाचे हे चरित्र आहे.

एबल यांचा जन्म १७ जुलै १८२७ रोजी लंडनजवळील वूलिच येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे जर्मन. वडील संगीतशिक्षक होते आणि आजोबा जर्मनीतील एका संस्थानिकाच्या दरबारी चित्रकार होते. अशा कलावंतांच्या घरात जन्मलेल्या मुलाने रसायनांच्या उग्र दर्पात आयुष्य घालवावे, ही थोडी नवलाचीच गोष्ट म्हटली पाहिजे. त्याला निमित्त झाले ते हॅम्बुर्ग येथील काकांचे. हे काका खनिजशास्त्राचे जाणकार होते आणि स्वीडनचे थोर रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांचे ते शिष्य होते. चौदा वर्षांचा फ्रेडरिक त्यांच्याकडे राहावयास गेला आणि परत आला तो रसायनशास्त्राचे वेड घेऊनच. संगीताची आवड मात्र त्यांनी जन्मभर जपली.

१८४५ साली लंडनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्री ही संस्था निघाली. जर्मनीहून आलेले हॉफमन हे तेथील अध्यापक. त्यांच्या पहिल्या सव्वीस विद्यार्थ्यांत एबल यांचा समावेश होता. थोड्याच दिवसांत गुरूंनी त्यांना आपले साहाय्यक नेमले आणि सुमारे पाच वर्षे त्यांनी हॉफमन यांच्या हाताखाली काम केले. पुढे वूलिचच्या लष्करी विद्यालयातील रसायनशास्त्राच्या व्याख्यात्याची जागा रिकामी झाली. त्या जागेवर तोवर मायकेल फॅराडे यांच्यासारखा महापुरुष काम करीत होता. पंचविशीच्या आतबाहेरच्या एबल यांनी ही जागा सांभाळली आणि १८५४ पासून ते ब्रिटिश युद्धखात्याचे रसायनतज्ज्ञ झाले. १८८८ पर्यंत, म्हणजे चौतीस वर्षे, ते या कामावर होते.

त्या काळी युद्धखात्यापुढे एक अवघड कोडे पडले होते. कापूस तीव्र आम्लांत बुडवून काढला की, त्याचा एक अत्यंत स्फोटक पदार्थ बनतो, हे १८४६ च्या सुमारास शोनबाइन या शास्त्रज्ञाने दाखवून दिले होते. दिसावयास तो साध्या कापसासारखाच. परंतु बंदुकीच्या दारूहून कितीतरी प्रबळ. या स्फोटक कापसाचा कारखाना इंग्लंडात फेव्हरशॅम येथे निघाला आणि १८४७ च्या जुलैमध्ये तो उडाला. सुमारे वीस माणसे ठार झाली. इतर देशांतही असेच अपघात झाले. हा पदार्थ कधी महिनोन् महिने शांत पडून राही, तर कधी कोणीही हात न लावता आपोआप पेट घेई. तो बेभरवशाचा आहे, एवढेच लोकांना कळले आणि बहुतेकांनी त्याचा नाद सोडून दिला.

एबल यांनी तो सोडला नाही. बेभरवशाचा म्हणजे नेमका कसा, असा प्रश्न त्यांनी स्वतःस विचारला. कापसाचा तंतू आतून पोकळ असतो. वरून कितीही धुतला तरी त्या बारीक नळीत थोडेसे आम्ल अडकून राहते आणि तेच पुढे आतल्या आत घात करते, असे त्यांना आढळून आले. उपाय मोठा साधा होता. कागदाच्या कारखान्यात चिंध्यांचा जसा लगदा करतात, तसा त्यांनी या कापसाचा बारीक लगदा केला, तो पुनःपुन्हा पाण्याने धुतला आणि मग दाबून त्याच्या वड्या पाडल्या. १८६५ साली त्यांनी या कृतीचे पेटंट घेतले. पुढे त्यांचे साहाय्यक ब्राउन यांनी असे दाखवून दिले की, या वड्या ओल्या असतानाही योग्य साधनाने त्यांचा स्फोट घडविता येतो. ओला कापूस ज्योत लागली तरी सहसा पेटत नाही. त्यामुळे आरमाराला हे स्फोटक जहाजावर बऱ्याच निर्धास्तपणे बाळगता येऊ लागले.

एबल यांची ही रीत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. एखादा पदार्थ धोक्याचा आहे असे म्हणून ते थांबत नसत. धोका कशात आहे, किती आहे आणि कोणत्या अवस्थेत आहे, हे ते शोधून काढीत. तेलाच्या प्रश्नातही त्यांना हीच रीत उपयोगी पडली.

१८५९ साली अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया प्रांतात खनिज तेलाची विहीर लागली आणि पाहता पाहता रॉकेलचे दिवे जगभर घराघरांत गेले. १८६१ च्या अखेरीस एलिझाबेथ वॉट्स नावाचे एक शिडाचे जहाज तेलाची पिंपे भरून फिलाडेल्फियाहून लंडनला निघाले. अशा मालाबरोबर समुद्रावर जावयास खलाशी इतके भीत की, जहाजाच्या कप्तानाने काही जणांना दारू पाजून, ते शुद्धीवर नसताना जहाजावर चढविले, असे सांगतात. ही हकीकत खरी असो वा नसो, खलाशांची भीती मात्र खोटी नव्हती. लाकडी जहाज, लाकडी पिंपे, प्रत्येक फटीतून झिरपणारे तेल आणि रात्री उजेडासाठी उघड्या ज्योतीचे दिवे, असा तो सगळा मामला होता.

येथे तेलाविषयी थोडे समजून घेतले पाहिजे. आपण म्हणतो की तेल जळते. वास्तविक द्रव तेल जळत नाही. जळते ती त्याची वाफ. वाफ हवेत योग्य प्रमाणात मिसळली आणि तिला ज्योत लागली, म्हणजे ती पेटते. काही तेलांची वाफ थंडीतही भरपूर निघते, तर काहींची चांगले तापविल्यावाचून निघत नाही. पेट्रोल शून्याखाली चाळीस अंश सेल्सिअसच्या आसपासही पेटण्याजोगी वाफ सोडते. उलट, आपल्या स्वयंपाकघरातील गोडे तेल कढईत अडीचशे अंशांपर्यंत तापले, तरी ज्योतीने सहसा भडकत नाही. तेल हळूहळू तापवीत गेल्यास ज्या तापमानाला त्याच्या वाफेला ज्योतीने क्षणभर भपकन पेट घेता येतो, त्या तापमानास इंग्रजीत फ्लॅश पॉइंट म्हणतात. आपण त्यास प्रज्वलनबिंदू म्हणू. हा बिंदू जितका खाली, तितके ते तेल अधिक धोक्याचे.

रॉकेल आणि पेट्रोलासारखे हलके तेल ही दोन्ही एकाच खनिज तेलातून निघतात. त्या काळी मोटारी नव्हत्या. हलक्या तेलास फारसे गिऱ्हाईक नव्हते आणि त्याचे काय करावे, हा कारखानदारांपुढे प्रश्नच असे. तेव्हा लोभी कारखानदार ते रॉकेलमध्येच राहू देत. असे भेसळीचे तेल दिव्यात घातले की दिवा फुटे, घर पेटे आणि बायकामुले होरपळत. वास घेऊन वा रंग पाहून ही भेसळ ओळखता येत नसे. म्हणून ब्रिटिश सरकारने १८६२ साली कायदा केला. शंभर अंश फॅरनहाइटच्या खाली पेटण्याजोगी वाफ सोडणारे तेल धोक्याचे मानावे, असे त्यात ठरविण्यात आले. परंतु ते कसे तपासावे, हे त्या कायद्यात नीट सांगितलेले नव्हते. १८६८ साली तपासणीची एक रीत ठरली. उघड्या वाटीत तेल घ्यावयाचे, ते गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून तापवावयाचे आणि त्यावरून मधूनमधून ज्योत फिरवावयाची, अशी ती रीत होती.

ही रीत म्हणजे भांडणांचे माहेरघरच ठरली. वाटी उघडी असल्यामुळे वाफ हवेत निघून जाई. खोलीत वाऱ्याची झुळूक असली तर आकडा वर जाई; तपासनिसाने ज्योत थोडी खाली धरली तर तो खाली येई. एकाच पिंपातील तेल एक तपासनीस निर्धोक ठरवी आणि दुसरा धोक्याचे ठरवी. व्यापारी म्हणत, तपासनीस पक्षपाती आहेत. तपासनीस म्हणत, व्यापारी लबाड आहेत. खरे पाहता बऱ्याच वेळा दोघेही आपापल्या परीने प्रामाणिकच असत. दोष मापाचा होता. शेतकऱ्याकडे एक पायली आणि वाण्याकडे दुसरी, अशी स्थिती असल्यावर बाजारात तंटा होणारच. या तंट्यात वर्षांमागून वर्षे गेली आणि दिवे फुटतच राहिले. शेवटी सरकारने हा प्रश्न एबल यांच्याकडे सोपविला. १८७६ साली त्यांनी आपला अहवाल सादर केला.

एबल यांनी काय केले? त्यांनी वाटीवर झाकण घातले. ऐकावयास हे फार सोपे वाटते. परंतु सगळे मर्म त्यातच होते. पिंप बंद असते, दिव्याची टाकी बंद असते, जहाजाचे पोटही बंदच असते. तेव्हा वाफेची परीक्षाही बंद भांड्यातच झाली पाहिजे, हे त्यांनी ओळखले. त्यांच्या उपकरणात धातूची एक लहान वाटी असते. तिच्यात ठरलेल्या खुणेपर्यंतच तेल ओतावयाचे. झाकणाला तीन छिद्रे असतात आणि त्यांवर एक सरकती पट्टी असते. पट्टी सरकविली की छिद्रे उघडतात आणि त्याच क्षणी झाकणावरील चिमुकला दिवा आपोआप वाकून आपली ज्योत मधल्या छिद्रातून आत डोकावू देतो. ही ज्योत केवढी असावी, हेही माणसाच्या नजरेवर सोडलेले नाही. झाकणावर एक पांढरा मणी बसविलेला असतो. ज्योत त्या मण्याएवढीच ठेवावयाची. वाटी थेट विस्तवावर ठेवावयाची नसते. भोवती हवेचा थर आणि त्याभोवती गरम पाणी, अशी रचना असल्यामुळे तेल हळूहळू आणि सारखे तापते. या पाण्याचे तापमान आरंभी १३० अंश फॅरनहाइट असावे, असा नियम होता.

पट्टी किती वेळ उघडी ठेवावयाची? त्यासाठी एक लंबक टांगलेला असे. लंबकाचे तीन झोके होईपर्यंत पट्टी सावकाश उघडावयाची आणि चौथ्या झोक्याला ती बंद करावयाची. तेल ६६ अंशांच्या सुमारास आले की पहिली परीक्षा. पुढे एकेक अंश चढताच पुन्हा परीक्षा. ज्या अंशाला आत निळसर चमक उठेल, तो त्या तेलाचा प्रज्वलनबिंदू. वाटीचा व्यास, तेलाची पातळी, ज्योतीचा आकार, पट्टी उघडण्याचा काळ, असे सारे काही बांधलेले असल्यामुळे लंडनमधील तपासनीस आणि दूरच्या बंदरातील तपासनीस यांच्या उत्तरांत आता फारसे अंतर पडेनासे झाले.

झाकणामुळे वाफ कोंडून राहते. म्हणून बंद वाटीतील आकडा उघड्या वाटीतील आकड्याहून खाली येतो. जे तेल जुन्या रीतीने शंभर अंशांवर पेट घेई, तेच एबल यांच्या वाटीत सुमारे ७३ अंशांवर पेट घेते, असे अनेक प्रयोगांनंतर दिसून आले. १८७९ च्या कायद्याने ही नवी रीत आणि ७३ अंशांची नवी मर्यादा स्वीकारली. मर्यादा आणखी वर असावयास हवी होती, अशी टीका त्या वेळी झाली आणि पुढेही होत राहिली. ही टीका अगदीच निराधार नव्हती. व्यापाऱ्यांनी आजवर ज्या हिशेबाने माल आणला, तो हिशेब न मोडता केवळ माप सुधारावे, एवढाच त्या बदलाचा हेतू होता. ७३ अंश फॅरनहाइट म्हणजे सुमारे २३ अंश सेल्सिअस. इंग्लंडच्या थंड हवेत ही मर्यादा पुरेशी वाटली, तरी उष्ण देशांचे काय?

हा प्रश्न आपल्या देशाशी निगडित होता. अमेरिकेतून निघालेले रॉकेल पत्र्याच्या डब्यांत भरून, दोन दोन डबे एका लाकडी खोक्यात घालून, जहाजांनी मुंबई-कलकत्त्याकडे येई. मुंबईच्या गोदीत दुपारच्या वेळी तेलाचे तापमान सहजच तीस अंश सेल्सिअसपर्यंत जाते. तेथे डबा उघडताक्षणीच वाफ निसटून जावयाची आणि आकडा बिघडावयाचा. इंग्लंडात ज्या तेलाचा आकडा एक निघाला, त्याच तेलाचा आकडा हिंदुस्थानात वेगळा निघू लागला. एबल यांनी बोव्हर्टन रेडवुड या तेलतज्ज्ञाच्या साहाय्याने या प्रश्नावर पुन्हा प्रयोग केले. उष्ण देशांत नमुना आधी चांगला थंड करावा, परीक्षेस आरंभ अधिक खालच्या तापमानापासून करावा आणि हवेचा दाबही हिशेबात घ्यावा, हे त्यातून ठरत गेले. आपले उपकरण बिनचूक आहे असा हट्ट त्यांनी धरला नाही, ही गोष्ट नमूद केली पाहिजे.

मात्र तेलाची वाफ केवळ तेलाच्याच जहाजाला घातक असते, असे नाही. १८८१ सालची डॉटरेल या युद्धनौकेची हकीकत याची साक्ष देते. ही नवी कोरी नौका दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी, मॅगेलनच्या सामुद्रधुनीतील पुंटा अरेनास बंदरात नांगरून उभी होती. २६ एप्रिलच्या सकाळी तिच्यावर एकामागून एक असे दोन स्फोट झाले आणि पाहता पाहता ती बुडाली. १४३ जण मृत्युमुखी पडले. वाचले ते केवळ बारा. बॉयलर फुटला असावा, कोळशाचा वायू साचला असावा, असे नाना तर्क झाले. शत्रूने घात केला असावा, असेही काहींना वाटले. तोच त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये चिलीच्या किनाऱ्याजवळ ट्रायम्फ या दुसऱ्या युद्धनौकेवर स्फोट झाला आणि काही खलाशी दगावले. या वेळी कारण सापडले. रंग लवकर वाळावा म्हणून त्यात मिसळण्याचे एक द्रव औषध रंगाच्या कोठीत ठेवलेले होते. त्याची वाफ अतिशय चपळाईने पेट घेणारी होती.

डॉटरेलवरही हेच द्रव होते. त्याची एक बरणी तडकून ते नौकेच्या तळाशी झिरपले, खाली वाफ साचली आणि सफाई करणाऱ्यांच्या उघड्या दिव्याने ती पेटली. त्या पहिल्या स्फोटाने शेजारचे दारूचे कोठार उडाले, असा निष्कर्ष पुढे निघाला. पुढे त्या द्रवाचा वास आला तेव्हा बचावलेल्यांपैकी एकाला स्फोटापूर्वीच्या त्या वासाची खूण पटली, असे सांगतात. त्या बरणीवर औषधाचे नाव होते. पण ते कोणत्या जातीचे द्रव आहे, याची कसलीही सूचना नव्हती. रंगाचे सामान म्हणून ते रंगाबरोबर ठेवले गेले. एवढ्या बारीकशा अज्ञानापायी १४३ माणसे प्राणास मुकली. ब्रिटिश आरमाराने ते द्रव वापरणे बंद केले आणि जहाजांच्या पोटात हवा खेळती ठेवण्याची अधिक चांगली व्यवस्था केली. स्वतः स्फोटक नसलेल्या द्रवांमुळे होणाऱ्या अशा स्फोटांची मीमांसा एबल यांनी १८८५ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये एका व्याख्यानातून केली. बंद जागा, साचलेली वाफ आणि उघडी ज्योत या तिघांची गाठ पडू न देणे, हे त्यांच्या विवेचनाचे सार होते.

एबल यांनी इतरही पुष्कळ कामे केली. कोळशाच्या खाणींतील अपघातांची चौकशी करणाऱ्या शाही आयोगावर ते होते आणि हवेत उडणारी कोळशाची धूळही स्फोटास कशी हातभार लावते, हे त्यांनी प्रयोगांनी दाखविले. जहाजांवरील कोळसा आपोआप का पेटतो, या प्रश्नाच्या चौकशीतही त्यांचा वाटा होता. १८८९ साली त्यांनी जेम्स ड्यूअर यांच्यासमवेत कॉर्डाइट नावाची धूर न करणारी दारू तयार केली. ही दारू आपल्या पेटंटावर बेतलेली आहे, असा दावा आल्फ्रेड नोबेल यांच्या पक्षाने केला आणि ते प्रकरण ब्रिटनच्या वरिष्ठ न्यायसभेपर्यंत गेले. निकाल नोबेल यांच्या विरुद्ध लागला. तरी न्याय खरोखर कोणाच्या बाजूला होता, याविषयी लोक आजही वाद घालतात. युद्धाची साधने बनविणे आणि माणसांचे प्राण वाचविणे ही दोन्ही कामे एकाच माणसाच्या हातून व्हावीत, हे त्या काळाचेच लक्षण होते. मानसन्मान त्यांना भरपूर मिळाले. केमिकल सोसायटीचे, विजेच्या अभियंत्यांच्या संस्थेचे आणि लोखंड व पोलाद संस्थेचे ते अध्यक्ष झाले. १८८३ साली त्यांना सर ही पदवी मिळाली. अखेरची काही वर्षे ते लंडनच्या इंपीरियल इन्स्टिट्यूटचा कारभार पाहत होते. ६ सप्टेंबर १९०२ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या हयातीतच तेलाच्या वाहतुकीचे रूप पालटून गेले होते. १८८६ साली ग्लुकाउफ हे पिंपांऐवजी जहाजाच्या टाक्यांतच तेल भरून नेणारे जहाज तयार झाले आणि १८९२ साली म्युरेक्स हे तेलवाहू जहाज सुएझ कालव्यातून पूर्वेकडे आले. हजारो टन तेल एकत्र वाहू लागल्यावर त्याची जात आधी ठाऊक असणे अधिकच निकडीचे झाले. जर्मनीने १८८२ सालीच एबल यांचे उपकरण थोड्या सुधारणेसह स्वीकारले होते. पेन्स्की यांनी पट्टी हाताने सरकविण्याऐवजी घड्याळाच्या यंत्राने सरकेल अशी योजना केली. माणसाच्या हाताची जी थोडी चूक उरली होती, तीही त्यामुळे गेली.

आज समुद्रमार्गे जाणाऱ्या धोक्याच्या मालाचे आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे नऊ वर्ग केलेले आहेत. त्यांपैकी तिसरा वर्ग ज्वालाग्राही द्रवांचा. बंद वाटीत ज्यांचा प्रज्वलनबिंदू ६० अंश सेल्सिअस वा त्याखाली असतो, असे द्रव त्यात येतात. त्यांच्या पिंपांवर लाल चौकोनात ज्योतीचे चित्र आणि तीनचा आकडा असतो. या वर्गातही पोटभेद आहेत. ३५ अंशांपर्यंतच उकळू लागणारे द्रव सर्वांत घातक. त्याहून अधिक तापमानाला उकळणारे पण २३ अंशांच्या आत प्रज्वलनबिंदू असलेले द्रव त्याखालोखाल. आणि २३ ते ६० अंशांमधील द्रव त्या मानाने सौम्य. २३ अंशांची ही रेषा आपल्या ओळखीची आहे. एबल यांच्या ७३ अंश फॅरनहाइटचेच ते आजचे रूप. जहाजाच्या इंजिनात जाळावयाच्या तेलाचा प्रज्वलनबिंदूही, काही थोडे अपवाद वगळता, ६० अंशांहून कमी असता कामा नये, असा नियम आहे. कारण इंजिनाच्या खोलीत उष्णता असतेच. अमेरिकेने मात्र आपल्या तेलवाहू जहाजांसाठी वेगळी वाटणी केली. ८० अंश फॅरनहाइटपर्यंत वाफ पेटणाऱ्या तेलांच्या तीन प्रती ज्वालाग्राही आणि त्यावरील तेलांच्या दोन प्रती दहनशील, अशी ती आहे. आणि गंमत अशी की, तिची परीक्षा उघड्या वाटीतच करावयाची असते.

द्रवाची जात ठरली की पुढचे सारे नियम त्यावरून ठरतात. कोणता माल डेकवर ठेवावयाचा आणि कोणता जहाजाच्या पोटात, कोणत्या मालाशेजारी काय ठेवावयाचे नाही, कोठे हवा खेळती हवी, कोठे ठिणगी न पाडणारे दिवे हवेत, हे मग कोणाच्या मर्जीवर राहत नाही. मालाची अशी फारकत न केल्यास काय होते, हे मुंबईने १४ एप्रिल १९४४ रोजी पाहिले. व्हिक्टोरिया गोदीतील फोर्ट स्टिकीन जहाजावर स्फोटके आणि कापसाचे गठ्ठे एकत्र भरलेले होते. कापूस पेटला आणि गोदी व तिच्या आसपासचा भाग उद्ध्वस्त झाला.

भारताच्या १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात पुढे झालेल्या वर्गवारीप्रमाणे २३ अंशांखाली प्रज्वलनबिंदू असलेले तेल अ वर्गात, २३ ते ६५ अंशांमधील ब वर्गात आणि ६५ ते ९३ अंशांमधील क वर्गात मोडते. पेट्रोल पहिल्या वर्गात येते, रॉकेल व डिझेल दुसऱ्यात येतात, तर भट्ट्यांत जाळावयाचे जड तेल तिसऱ्यात. दिव्यात वा स्टोव्हमध्ये वापरावयाच्या रॉकेलचा प्रज्वलनबिंदू ३५ अंशांहून कमी असू नये, असे भारतीय मानक सांगते आणि ही परीक्षा एबल यांच्या नावाच्या उपकरणानेच करावयाची असते. मुंबई बंदरात घारापुरीजवळच्या जवाहर द्वीपावर तेलवाहू जहाजे लागतात. तेथे माल उतरविताना कोणते तेल कोणत्या वर्गात मोडते, हे कागदोपत्री आधीच नोंदलेले असावे लागते.